गळाच्या काठीची बखर

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात पाण्याला मोठा मान आहे. आंग्र्यांचे आरमार आहे, चौलचा व्यापार आहे, खारेपाटातले बांध आणि पेणची मिठागरे आहेत. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हाही हा मान होता आणि १९८१ साली ते रायगड झाले तेव्हाही तो गेला नाही. गलबतांवर ग्रंथ निघाले, तोफांवर निघाले, मिठावर तर निघालेच. गळाच्या काठीला मात्र कोणी बखरकार मिळाला नाही.

याचे कारण फार खोल शोधावे लागत नाही. मिठावर कर असे, बंदरावर जकात असे, शेतावर सारा असे. बांबूच्या एका काठीवर, हातभर दोऱ्यावर आणि वाकवलेल्या सुईवर कोणत्या सरकारने पट्टी बसवावी? आणि ज्याच्यावर पट्टी नाही त्याची दप्तरात नोंद नाही. शिवाय जाळे म्हणजे कोळ्याचा धंदा, त्याला जात आहे, पंचायत आहे, देव आहे. गळ टाकणारा म्हणजे कोण? गुरे राखणारे पोर, संध्याकाळच्या कालवणाची सोय बघणारी म्हातारी, वाडीवरचा कातकरी, कचेरीतून सुटलेला कारकून. अशा माणसांचा इतिहास असतोच, पण तो कागदावर उतरत नाही. मी पेणला शिकवतो, माझे आजोळ रोह्याचे. दोन्ही गावांत काठ्या पाहिल्या आहेत आणि त्या दोन गावांच्या काठ्या सारख्या नसतात हे लहानपणापासून ठाऊक आहे. त्या फरकाचा माग काढता काढता जे हाती लागले ते इथे मांडतो.

प्रथम माशाबद्दल. बोलावयाचे आहे ते सुरमई-रावसाबद्दल नव्हे. अमेरिकेत लहान, रुंद अंगाच्या, गोड्या पाण्यातल्या माशांना एक सोपे नाव आहे, ‘पॅनफिश’, म्हणजे अख्खा तव्यात मावणारा मासा. आपल्याकडे असा वर्ग कोणी पाडलेला नाही, पण तवा आहे आणि मासेही आहेत. नदीच्या गोड्या पाण्यातली खवल, मळ्या, शिंगटी. खाडीच्या मचूळ पाण्यातली कालुंदर, खरबी आणि पहिल्या पावसाबरोबर वर चढणारी, पेणकरांचा जीव जिच्यात अडकलेला असतो ती चिवणी. हे सारे वीतभर, फार तर दीड वीत. यांच्यासाठी होडी लागत नाही, भांडवल लागत नाही. लागते ती काठी, आणि काठीवर लक्ष ठेवण्याची फुरसत.

*

गळ टाकून मासे धरण्याचे शास्त्र कोणी राजाने लिहिले असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. पण लिहिले आहे, आणि तो राजा आपल्या मुलखाचा. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ दुसऱ्या कारणाने ठाऊक असतो. महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात हा जुना उल्लेख त्यात आहे. ग्रंथाचे शंभर अध्याय, वीस-वीसांचे पाच भाग. त्यांतला चौथा भाग राजाच्या करमणुकींचा. त्या करमणुकींत हत्तींच्या झुंजी आहेत, कोंबड्यांच्या आहेत, आणि मत्स्यविनोदही आहे. खाऱ्या पाण्यातले मासे कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खाऊ घालून माजवावे आणि मग गळ कसा टाकावा, हे सारे राजाने बारकाईने सांगितले आहे. त्या काळी उत्तर कोकण शिलाहारांकडे होते आणि शिलाहार चालुक्यांना मानीत. तेव्हा आमच्या भोगावती-कुंडलिकेचे मासेही एका दूरच्या नात्याने सोमेश्वराच्याच प्रजेत मोडत होते.

गंमत अशी की राजा माशाला आधी खाऊ घालतो आणि नंतर पकडतो. पोट भरलेल्या माणसाचा हा खेळ आहे. त्याच वेळी त्याच्याच राज्यात कोणी तरी उपाशी माणूस उपाशी माशासाठी गळ टाकून बसलेला असेल. त्याच्या काठीबद्दल ‘मानसोल्लास’ काही बोलत नाही. पुढची जवळजवळ नऊशे वर्षे हेच चालले आहे. गळावर लिहिले ते विनोद करणाऱ्यांनी, आणि गळ टाकला तो बहुधा दुसऱ्यांनी.

इतर देशांतही असेच. इजिप्तच्या कबरींच्या भिंतींवर काठी धरून बसलेली माणसे चार हजार वर्षांपासून बसलेलीच आहेत. चीनमध्ये मा युआन नावाच्या चित्रकाराने ११९५च्या सुमारास हिवाळी सरोवरावर एकटा होडीत बसलेला गळवाला काढला. त्या चित्रात काठीला दोरा गुंडाळण्याची चक्री स्पष्ट दिसते, आणि चक्रीचे याहून जुने चित्र जगात सापडलेले नाही. इंग्लंडात १४९६ साली गळावरची पहिली छापील पुस्तिका निघाली. ती एका जोगिणीच्या नावावर आहे. तिच्यात काठी कोणत्या झाडाची घ्यावी, ती कधी तोडावी, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा दोरा कसा वळावा आणि बुचाचे भेंड कसे करावे, हे आपल्याकडे लोणच्याची कृती सांगावी तसे सांगितले आहे. मग १६५३ साली आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक आले. तेव्हा आपल्याकडे शिवाजीमहाराज तेवीस वर्षांचे होते.

साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा ही विद्या घेऊन आला. मद्रास इलाख्यातला हेन्री सलिव्हन टॉमस हा मुलकी अधिकारी. त्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळुरास छापले. पुस्तक मोठ्या माशांचे, म्हणजे महसीराचे. पण पुढे १८८७ साली त्याने तळ्यांतल्या गळावर दुसरे पुस्तक लिहिले. नद्यांतले मासे कमी होत आहेत ही ओरड त्यानेही केली आणि फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानेही केली. त्यांच्या ओरडण्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, १८९७ साली, सुरुंग उडवून आणि विष कालवून मासे मारण्यास बंदी करणारा कायदा झाला. कायदा आजही आहे. सुरुंगही अजून ऐकू येतात.

साहेबांच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. मुंबईच्या फौजेतला साइक्स नावाचा अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला. त्याने १८३९ साली इथल्या नद्यांतल्या माशांना शास्त्रीय नावे दिली, आणि नावे सुचेनात म्हणा किंवा न्यायबुद्धी जागी होती म्हणा, पुष्कळ ठिकाणी भोयांनी सांगितलेला मराठी शब्दच लॅटिनात बसवून दिला. ‘खुद्री’, ‘कोलुस’, ‘मुल्ल्या’, ‘मुसुल्लाह’ ही नावे आज जगातल्या कोणत्याही संग्रहालयात बरणीवर वाचावयास मिळतात. मळ्या मासा पॅरिसमध्येही मळ्याच आहे. ज्यांनी तो शब्द सांगितला त्यांची नावे मात्र बरणीवर नाहीत.

*

आता काठी. आणि इथे एक अशी हकीकत आहे की जी आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकात सांगितली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत गळाच्या काठ्या लाकडाच्या असत; जड आणि मंद. मग १८४०च्या दशकात पेनसिल्व्हानियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका करणारा कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, त्या सरसाने एकत्र चिकटवून काठी करू लागला. पुढे मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी यंत्रावर करण्याची युक्ती काढली आणि साऱ्या जगात तिचे नाव झाले. लवचीक, हलकी, आणि मासा कितीही झटको, मोडणार नाही अशी. हा बांबू कुठला? कारागीर त्याला ‘कलकत्ता’ म्हणत, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढे. म्हणजे आपला भरीव बांबू. सह्याद्रीत ज्याला मानवेल म्हणतात त्याच जातीचा. कलकत्त्याहून आलेल्या काठ्यांवर जाळल्याचे काळे डाग असत आणि ते डाग हीच अस्सल मालाची खूण मानली जाई. आपल्याकडे वाळवीला आणि भुंग्याला भिऊन धूर दिलेला बांबू तिकडे श्रीमंतांच्या हातात मिरवत होता!

विसाव्या शतकाच्या आरंभी चीनचा टोंकिन बांबू आला आणि कलकत्ता मागे पडला. १९५० साली अमेरिकेने चीनच्या मालावर बंदी घातली तेव्हा टोंकिनही अडकला. पण तोवर काचतंतूच्या काठ्या निघाल्या होत्या. त्या १९४७पासून बाजारात आल्या, आणि १९७०च्या दशकात कार्बनतंतूच्या. आज पेणच्या दुकानात मुलांसाठी काठी घ्यावयास गेले तर समोर येते ती बहुधा काचतंतूची, एकात एक सरकणारी. बांबूची कोणी विकत नाही. ती तोडावयाची असते.

आणि तोडण्याचे शास्त्र आहे. आमच्या आजोळी मामा सांगत, पावसाळा सरल्यावर, वद्य पक्षात, तीन वर्षांची जून काठी बघून तोडावी; नाही तर भुंगा लागतो. वद्य पक्षाचे मला सांगता येणार नाही, पण बाकीचे वनस्पतिशास्त्राला धरून आहे. पावसाळ्यात कोंभ वाढत असताना बांबूच्या रसात पिठूळ साखर जास्त असते, भुंगा तिच्यासाठीच येतो. आणि कोवळा बांबू वाळला की चिंबतो. तोडलेली काठी महिनाभर वाहत्या पाण्यात दडपून ठेवावयाची, मग सावलीत वाळवावयाची, जिथे वाकडी असेल तिथे तेल चोळून निखाऱ्यावर शेकून गुडघ्यावर सरळ करावयाची. पोकळ कळक नको, तो काटेरी आणि जड. भरीव मानवेल हवा, पेरे जवळजवळ असलेला, आणि शेंडा न छाटलेला. गळाच्या काठीचा जीव शेंड्यात असतो. बुंधा फक्त माणसाच्या हातासाठी.

*

शेंडा झाला, बुंधा झाला, लांबी किती? इथे पेण आणि रोहे यांची वाट वेगळी होते.

पेणचे पाणी उथळ आणि चंचल. भोगावती पेणला वळसा घालून धरमतरच्या खाडीकडे जाते. अंतोऱ्याच्या बंदरात पूर्वी गलबते लागत. पश्चिमेला खारेपाट. समुद्राला बांध घालून काढलेली शेते, बांधाला उघाड्या, आत-बाहेर चर आणि खांजणे. या चरांत कमरेइतके पाणी असले तरी पुष्कळ. भरतीला पाणी चढते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. मुंबईच्या बाजूच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरांवर जाते आणि भांगाच्या दिवसांत तीच बरीच कमी राहते. त्यामुळे पेणचा गळवाला तिथी पाहून निघतो. अष्टमीला गळ, अमावास्येला बांधावर पहारा, असे एक जुने आगरी आजोबा मला म्हणाले होते. त्याची काठी चार-पाच हातांची, हलकी. भेंड दोऱ्याला बांधून टाकलेले, गळापासून हातभरावर पक्के. तेवढ्यात काम होते. जिताडा काही अशा काठीला लागत नाही. तो खाडीतून आणून गावतळ्यात वाढवावयाचा आणि मग साहेबाच्या बंगल्यावर भेट म्हणून पोचवावयाचा. खारेपाटातल्या कितीएक अर्जांवर जिताड्याचा वास यावा, असा त्याचा लौकिक आहे.

रोह्याची गोष्ट निराळी. कुंडलिका सह्याद्रीतून उतरते, रोहे आणि अष्टमी या जोडगावांच्या मधून वाहते आणि रेवदंड्यास समुद्राला मिळते. भरती रोह्याच्या जवळपर्यंत पोचते. १६७४च्या मे महिन्यात महाराजांच्या राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन निघाला तो चौलहून याच नदीने वर आला. अष्टमीला पाणवाट संपली आणि तिथून तो पालखीत बसून निजामपूरमार्गे रायगडाकडे गेला. म्हणजे वकिलाचे तारू ऐन उन्हाळ्यात अष्टमीपर्यंत आले इतके पाणी होते. रोह्याच्या वरच्या अंगाला कातळात डोह आहेत. तिथे भेंड हातभरावर बांधून भागत नाही. मासा दोन पुरुष खोल असतो.

आणि इथे काठीचे गणित येते. भेंड दोऱ्याला पक्के बांधलेले असेल तर भेंडापासून गळापर्यंतचा दोरा काठीच्या लांबीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ठेवला तर टाकताना तो जमिनीला लोळतो, आणि मासा लागल्यावर भेंड शेंड्याला येऊन अडते, मासा पाण्यातच राहतो, माणूस काठी उंचावून नाचत बसतो. तेव्हा पाणी जितके खोल तितकी काठी लांब, हा नियम. म्हणून रोह्याची काठी दहा-बारा हातांची असे. ती खांद्यावर घेऊन पेठेतून जाणारा माणूस वळणावर लोकांच्या टोप्या उडवीत जाई. तासाभरात मनगट भरून येई. पण इलाज नव्हता. काठीची लांबी माणूस ठरवीत नव्हता, नदी ठरवीत होती.

मग नदीच बदलली.

सह्याद्रीच्या पलीकडे, मावळात, मुळा आणि निळा नद्यांवर टाटांचे मुळशीचे धरण व्हावयाचे होते. १९२१च्या रामनवमीला तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. लढा तीन वर्षे चालला आणि हरला. गावे बुडाली. १९२७ साली त्या तलावाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्री उतरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आले आणि वीज करून कुंडलिकेत पडू लागले. विचार करा. जे पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळावयाचे ते रोह्याच्या पुलाखालून अरबी समुद्राला जाऊ लागले. मावळच्या माणसांचे घर बुडाले आणि कोकणातल्या एका नदीला बारमाही पाणी आले. रोह्याला त्यासाठी कोणी काही विचारले नव्हते आणि मुळशीने सांगितले ते कोणी ऐकले नव्हते.

वैशाखात आटणारी कुंडलिका आता आटेना. पण तिला नवा स्वभाव लागला. मुंबईला विजेची गरज वाढली की भिऱ्याची यंत्रे फिरतात, पाणी सुटते, कोलाडच्या अंगाला नदी फुगते. गरज ओसरली की नदी ओसरते. आज कोलाडला लोक रबरी तराफ्यांतून खळाळत जातात ते या सुटलेल्या पाण्यावर. तिथीचा हिशेब करणाऱ्या नदीला घड्याळाचा हिशेब आला. आणि पक्क्या भेंडाच्या गळवाल्याची पंचाईत झाली. दीड पुरुष पाण्यासाठी बांधलेले भेंड दोन तासांत उणे पडते. गळ माशाच्या डोक्यावरून अधांतरी तरंगत राहतो, किंवा पाणी उतरले की तळाच्या गाळात लोळतो. दर वेळी भेंड सोडा, बांधा. आणि काठी किती लांब करावयाची?

*

याला जगात उत्तर निघाले होते. इंग्लंडात ट्रेंट नदीच्या काठी नॉटिंगहॅम गाव आहे. तिथल्या गळवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात सरकत्या भेंडाची रीत रूढ केली. युक्ती इतकी साधी आहे की आधी कशी सुचली नाही असे वाटावे. भेंड दोऱ्याला बांधावयाचेच नाही. त्याला आरपार भोक, त्यातून दोरा मोकळा ओवलेला. वर दोऱ्यावर, पाणी जितके खोल तितक्या अंतरावर, सुताची एक बारीक गाठ. गाठ आणि भेंड यांच्या मध्ये एक मणी. खाली शिसे, मग गळ. टाकताना भेंड घसरून शिशापाशी येते, त्यामुळे हातात लोंबणारा दोरा हातभरच. पाण्यात पडले की शिसे खाली जाते, दोरा भेंडातून सुळकन उतरतो, आणि गाठ मण्याला, मणी भेंडाला टेकला की थांबतो. भेंड उभे राहते. गळ बरोबर सांगितलेल्या खोलीवर. मासा ओढून घेताना गाठ काठीच्या कड्यांतून बिनतक्रार आत येते आणि चक्रीवर गुंडाळली जाते. तीन पुरुष पाणी असो, सहा हातांच्या काठीने भागते.

आमच्याकडे ही युक्ती नॉटिंगहॅमच्या पुस्तकांतून आली नसणार हे मी पैजेवर सांगतो. पुलाखाली मी पाहिलेले पहिले सरकते भेंड जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याचे होते. मधून संपलेल्या पेनची रिकामी नळी घातलेली, मणी कुठल्या तरी तुटलेल्या माळेतला. वर गाठ शिवणाच्या दोऱ्याची. त्याआधी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची भेंडे असत, त्यांना एरंडाची पोकळ काडी चालते. ते चपलेचे भेंड करणारा मुलगा माझ्याच शाळेतला, वाडीवरचा. गणितात कच्चा म्हणून शेरा घेतलेला. मी त्याला विचारले, “पाणी वाढले तर?” तर म्हणाला, “गुरुजी, पानी चरला का गाठ वर सरकवाची. काठी तीच.” पेणच्या भोगेश्वरीवर हेटवण्याचे धरण झाल्यापासून पेणकरांनाही खोल पाणी मिळाले आहे, म्हणून रोह्याची विद्या पेणलाही उपयोगी पडू लागली. त्या धरणाचे पाणी नव्या मुंबईकडे जाते आणि खारेपाटातल्या बायका पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करतात, हा दुसरा विषय. पण पाणी कोणाकडून कोणाकडे जाते हे गळवाल्याला सर्वांआधी कळते एवढे नमूद करतो.

सरकते भेंड आले की काठी निवडण्याची कसोटीही पालटते. लांबीचा जुलूम संपतो, पण लांबी अगदीच निरुपयोगी होत नाही. काठीचा शेंडा आणि भेंड यांच्यामध्ये दोरा पाण्यावर ढिला पसरलेला असतो. मासा टोचावयाचा तर आधी तो ढिलेपणा उचलावा लागतो. आखूड काठीने तो उचलत नाही, भेंड बुडून वर येते आणि आमिष गेलेले असते. म्हणून पाच-सहा हातांची, म्हणजे आठ-नऊ फुटांची काठी बरी. शेंडा मऊ हवा, कारण खवलीचे तोंड नाजूक. ताठ काठीने झटका दिला की ओठ फाटतो आणि हाती रिकामा गळ येतो. मधला भाग मात्र लेचापेचा नको. दुकानदार काठी हवेत फटकारून दाखवतात, त्याने काही कळत नाही. शेंडा दुकानाच्या छताला टेकवून हळूच दाबावा आणि ती कुठपर्यंत वाकते ते पाहावे. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात वाकून थांबली तर घ्यावी. कडी पाहावीत, विशेषतः शेंड्याचे. ते फार अरुंद असेल तर गाठ तिथे अडखळते आणि सारी युक्ती फुकट जाते. दोरा बारीक नायलॉनचा. जुने लोक तागाचा किंवा सुताचा वापरीत. नायलॉन १९३८ साली अमेरिकेत जाहीर झाला आणि आमच्याकडे पोचायला त्याला पुष्कळ वर्षे लागली. शिसे इतकेच की भेंडाचे फक्त टोक पाण्यावर राहील. मासा लहान असतो, त्याला जड भेंड ओढावे लागले तर तो आमिष टाकून देतो.

आणि बांबू? बांबूला कडी बांधता येतात, चक्रीही बसते. माझ्याकडे तशी एक आहे. काचतंतूच्या काठीपेक्षा ती जड आहे, पण मासा लागल्यावर हातात जे कळते ते तिच्यात अधिक कळते. यात माझा पक्षपात असेल, असो.

*

माशांबद्दल बोलताना मन थोडे जड होते. १९५२ साली आफ्रिकेतला एक मासा सिंहलद्वीपावरून हिंदुस्थानात आणला गेला. गरिबाला स्वस्त अन्न मिळावे हा हेतू. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. तो तळ्यात राहतो, नदीत राहतो, मचूळ पाण्यात राहतो, घाणीतही राहतो, आणि पिल्ले तोंडात घेऊन सांभाळतो. मग त्याला कोण हटवणार? आता भेंड बुडाले की दहांत पुष्कळदा चिलापीच वर येते. तव्यावर ती मावते आणि वाईटही लागत नाही. पण मळ्या, खवल यांची नावे आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना सांगता येत नाहीत. ज्या नावांना लॅटिनात जागा मिळाली ती पेणच्या पोरांच्या तोंडातून जात आहेत. दुसऱ्या बाजूला, ज्या कंपनीने मुळशीचे पाणी वळवले त्याच टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७०च्या सुमारापासून दख्खनच्या महसीराची, म्हणजे साइक्सच्या त्या ‘खुद्री’ची, पिल्ले वाढवली गेली आणि दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. इतिहास एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो म्हणावे तर घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे हात एकाच अंगाचे असतात.

रोह्याच्या वरच्या अंगाला धाटावची औद्योगिक वसाहत आहे. कुंडलिकेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आलेले आहे. मासे उलटे होऊन तरंगताना रोहेकरांनी पाहिले आहेत. हौसेने गळ टाकणारा अशा दिवशी काठी आवरून घरी जातो. पण ज्याच्या घरी संध्याकाळचे कालवण त्या काठीवरच आहे तो कुठे जाणार? सोमेश्वराच्या ग्रंथात जो नव्हता तो माणूस इथे, या यादीच्या खाली, गुडघाभर पाण्यात उभा आहे.

तेव्हा सुटीत मुलांना घेऊन कोणी रोह्यास जाणार असेल तर सांगतो: बसावयाचे ते धाटावच्या वर, कोलाडच्या अंगाला. गाठ आधी अडीच हातांवर ठेवावी आणि मासा विचारीनासा झाला की वीत-वीत वर सरकवीत जावे. आमिषाला गांडूळ, नाही तर कणकेत थोडे सोड्याचे पीठ मळून. आणि काठाला पाण्यालगतचा एक दगड ओळखून ठेवावा. तो ओला होऊ लागला म्हणजे भिऱ्याला यंत्रे सुरू झाली. मग भेंड बुडालेले असले तरी ते पाहू नये, आधी मुलांना वर घ्यावे, मागाहून काठी.